‘नये’, खोपा आणि केर : कवितेच्या तासाला चारित्र्य आणि लिंगभाव शिकवताना

मराठीच्या शिक्षकाच्या टाचणात ‘मूल्य’ किंवा ‘गाभाघटक’ असा एक रकाना असतो, आणि कवितेच्या पाठापुढे तो भरायला अर्धे मिनिटही लागत नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या, सर्व विषयांतून रुजवायच्या दहा गाभाघटकांपैकी ‘स्त्री-पुरुष समानता’ हा घटक डी.एड. झालेल्या प्रत्येकाला पाठ असतो. कवितेत आई, सासुरवाशीण किंवा चूल दिसली की तो रकान्यात उतरतो, तास संपतो आणि मधल्या सुट्टीत वर्ग झाडायची पाळी पुन्हा मुलींवरच येते.

मीही बरीच वर्षे असेच रकाने भरले. एकदा सातवीच्या वर्गात बहिणाबाई चौधरींची सुगरणीच्या खोप्यावरची कविता शिकवून झाली आणि फळ्यावर ‘आईची माया’ असे लिहून मी खडू खाली ठेवला, तेव्हा शेवटच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “सर, खोपा तर नर विणतो. आमच्या विहिरीवर बघितलंय मी. पिवळ्या डोक्याचा असतो.” वर्ग हसला, मीही हसलो आणि विषय बदलला. घरी जाऊन पडताळले तर मुलगा बरोबर होता. त्या तासाला त्या मुलाने कवितेला विचारलेला प्रश्न हा माझ्या तात्पर्यापेक्षा कितीतरी मोलाचा होता, आणि तोच मी हसण्यावारी नेला होता. पुढे जी पद्धत सांगतो आहे ती त्या चुकीतून हळूहळू तयार झाली. ती साधारण पाचवी ते बारावीच्या वर्गांसाठी आहे आणि तिच्यासाठी वेगळे साहित्य, प्रोजेक्टर किंवा खास उपक्रमाचा दिवस लागत नाही. कविता, फळा आणि ३५-४० मिनिटांची तासिका पुरते.

सगळ्या पद्धतीमागे एकच समज आहे. कवितेतून मूल्य सांगायला गेलो की मूल परीक्षेपुरते ते मान्य करते. त्याऐवजी कवितेत कोण बोलते, हात कोणाचे चालतात आणि क्रियापद कोणाला चिकटलेले आहे हे पाहायची सवय लावली, तर तेच मूल घरी आणि वर्गातही तसे पाहू लागते.

आधी शिक्षकाचा गृहपाठ

वर्ग सुरू होण्याआधी स्वतः एक काम करावे. चालू वर्षाचे पाठ्यपुस्तक घेऊन त्यातल्या सगळ्या कविता सलग वाचाव्यात आणि एका कोऱ्या कागदावर दोन रकाने आखून, स्त्रियांच्या वाट्याला आलेली क्रियापदे एकीकडे आणि पुरुषांच्या वाट्याला आलेली दुसरीकडे लिहून काढावीत. ती वाट पाहते, ती रांधते, ती रडते, तो निघतो, तो लढतो, तो परततो, अशी यादी आपोआप तयार होते. पुस्तक चांगले की वाईट हे ठरवण्यासाठी हा कागद नसतो. कोणत्या कवितेशेजारी कोणती कविता ठेवून शिकवायची हे त्यावरून कळते. ‘ती’च्या रकान्यात जे क्रियापद कधीच आलेले नाही ते ज्या कवितेत असेल, ती शोधून जोडीला ठेवावी.

याच कागदाच्या मागे आपल्या वर्गाच्या सवयी लिहाव्यात. फळा कोण पुसते, पाहुण्यांच्या स्वागताला ओवाळायला कोण उभे राहते, बाके कोण उचलते, स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन कोण करते आणि पायऱ्यांवर रांगोळी कोण काढते. शिक्षकाला हे दिसत नसेल तर त्याने कवितेतले विद्यार्थ्यांना दाखवायला जाऊ नये, कारण मुलांच्या नजरेतून ही विसंगती सुटत नाही.

कविता निवडताना

जी कविता स्वतःच निष्कर्ष सांगून टाकते ती या कामाला सर्वांत कमी उपयोगी पडते. दहावीच्या कुमारभारतीत नीरजा यांची ‘आश्वासक चित्र’ ही कविता आहे. भातुकली खेळणारी मुलगी आणि चेंडू खेळणारा मुलगा यांचे खेळ तिच्यात अदलाबदल होतात. कविता सुंदर आहे, पण गुण मिळवायला जितकी सोपी तितकीच शिकवायला अवघड, कारण ‘समानता’ हे उत्तर विद्यार्थ्याच्या हाती आधीच असते आणि गाइडमध्ये ते तीन मुद्द्यांत छापलेलेही असते. म्हणून ती वर्षाच्या सुरुवातीला न घेता, बाकीच्या कवितांवर नजर बसल्यानंतर घ्यावी. तोवर विद्यार्थी स्वतःहून विचारू लागतात की चेंडू आधी कोणी मागितला आणि भाजी करून दाखवण्याची पाळी मुलावर कशी आली.

निवडताना मी तीन गोष्टी पाहतो. कवितेत काही ठोस काम किंवा वस्तू असावी, म्हणजे जाते, केर, तवा, खोपा, गाठोडे असे काहीतरी. बोलणारा आवाज ओळखू येईल असा असावा. आणि तिच्यात एखादी जागा अशी असावी जिथे दोन प्रामाणिक वाचकांचे मत वेगळे पडेल. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे.

लहान वर्गांसाठी भोंडल्याची गाणी अतिशय चांगली. ‘कारल्याचा वेल’ हे गाणे पाचवी-सहावीत नाट्यरूपाने म्हणवून घ्यावे. सून माहेरी जाण्याची परवानगी मागते आणि सासू बी पेरण्यापासून पुढे एकेक अट घालत जाते. मुले खदखदून हसतात. हसून झाल्यावर विचारावे की सुनेला स्वतःच्या आईकडे जायला परवानगी का लागते आणि ती देण्याचा अधिकार सासूला कोणी दिला. इथे एक धोका आहे. चर्चा ‘सासू वाईट असते’ एवढ्यावर थांबली तर आपण बायकांविषयीचा एक जुना समज आणखी घट्ट करून घरी पाठवतो. सासू स्वतः कधीतरी याच गाण्यातली सून होती, हे एखादे मूल बोलेपर्यंत थांबावे. बहुतेक वेळा ते बोलतेच.

पहिले वाचन

पहिल्या तासाला अर्थ सांगू नये, कवीचा परिचयही सांगू नये. कविता शिक्षकाने एकदा आणि विद्यार्थ्याने एकदा मोठ्याने वाचावी, मध्ये दोन मिनिटे शांतता असावी. शक्य असेल तर दुसरे वाचन अशा विद्यार्थ्याकडून करून घ्यावे ज्याचे लिंग कवितेतल्या आवाजाहून वेगळे आहे. याबद्दल पुढे सविस्तर लिहितो. शब्दार्थ फळ्यावर आधीच लिहून ठेवल्यास वाचनात अडथळा येत नाही. बोलीतली कविता असेल, उदाहरणार्थ बहिणाबाईंची, तर ‘उलूशीच’, ‘देले’ असे शब्द प्रमाणभाषेत बदलून वाचण्याचा मोह टाळावा. ज्या मुलाच्या घरी खानदेशी बोलली जाते त्याच्यासाठी त्या दिवशी तोच वर्गातला जाणकार असतो, आणि चारित्र्यघडणीचा तोही एक भाग आहे.

चार प्रश्न

दुसऱ्या वाचनानंतर फळ्यावर चार प्रश्न लिहावेत आणि वर्षभर प्रत्येक कवितेला तेच विचारावेत. कोण बोलते आहे? कोणाशी बोलते आहे? कवितेत काम कोणाचे हात करतात? कवितेत आहे पण बोलत नाही असे कोण आहे?

प्रश्न बदलू नयेत, कारण सवय पुनरावृत्तीतून लागते. उत्तर कवितेतल्या शब्दावर बोट ठेवून द्यायचे, एवढा एकच नियम असावा. “मला वाटतं ती दुःखी आहे,” असे कोणी म्हणाले की “कोणत्या शब्दावरून?” असे विचारावे. हा नियम वरवर भाषेच्या शिस्तीचा वाटतो, पण पुराव्याशिवाय कोणाबद्दल मत बनवू नये ही चारित्र्याची गोष्ट त्यातून ज्या नकळतपणे रुजते तशी ती सुविचारातून रुजत नाही.

एक तास जवळून : खोपा

आता सुगरणीच्या कवितेचा तास कसा घेतो ते सांगतो. बहिणाबाईंचा जन्म १८८० चा, जळगाव जिल्ह्यातल्या आसोद्याचा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करताना त्या गाणी रचत आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव व इतर आप्त ती टिपून घेत. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी गाणी पुस्तकरूपाने आली. ही माहिती मी वाचनानंतर देतो, कारण ‘हात’ या शब्दाकडे वळायला ती उपयोगी पडते.

अरे खोप्यामधी खोपा
सुगरणीचा चांगला

पहिल्या प्रश्नाला वर्ग ‘कवयित्री’ म्हणतो. दुसऱ्या प्रश्नाला थोडा वेळ लागतो. शेवटचे कडवे पुन्हा वाचायला सांगावे:

तिची उलूशीच चोच
तेच दात, तेच ओठ
तुले देले रे देवानं
दोन हात, दहा बोटं

‘रे’ या एका अक्षराकडे लक्ष वेधावे. ही बाई कोणाला ‘रे’ म्हणते आहे? कोणी म्हणते मुलाला, कोणी म्हणते नवऱ्याला, कोणी म्हणते माणसाला. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: ‘माणूस’ म्हटले की आपण ‘रे’च का म्हणतो? दहा बोटे असलेल्या कोणाला तरी, बहुधा पुरुषाला, ही कामकरी बाई विचारते आहे की एवढ्याशा चोचीने हे होते, तर तू तुझ्या हातांनी काय केलेस. या दृष्टीने वाचल्यावर कवितेचा स्वर गोड राहत नाही, थोडा टोचतो. ‘आईची माया’ लिहून मी ज्या दिवशी खडू ठेवला होता त्या दिवशी हा टोचरा स्वर मी पुसून टाकला होता.

यानंतर पक्ष्याची गोष्ट काढावी. बाया सुगरण पक्ष्यात खोपा विणण्याचे काम नर करतो. विणीच्या हंगामात त्याचे डोके पिवळेधमक होते, विहिरीवर झुकलेल्या बाभळीला किंवा शिंदीला तो अर्धवट खोपा टांगतो, मादी येऊन तो तपासते, पसंत पडला तर तो लांब नळीसारखे प्रवेशद्वार विणून पूर्ण करतो, आणि अंडी मादी उबवते. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला या पक्ष्याच्या विणीचा अभ्यास केला होता. शाळेजवळच्या विहिरीवर असे खोपे असतील तर मुलांना पावसाळ्यात ते पाहायला पाठवावे.

मग प्रश्न असा ठेवावा: पक्षी असा, तर भाषेने त्याला ‘सुगरण’ का म्हटले? सुगरण हा शब्द मुळात कोणासाठी वापरतात आणि त्याचे पुल्लिंगी रूप काय? मुले ‘सुगरण्या’पासून ‘आचारी’पर्यंत काहीही सुचवतात आणि सुचवता सुचवता थबकतात, कारण घरी चांगला स्वयंपाक करणाऱ्या पुरुषासाठी तसाच आदराचा शब्द सापडत नाही. पैसे घेऊन रांधणारा मात्र आचारी असतो, बल्लवाचार्य असतो. या टप्प्यावर शिक्षकाने गप्प राहावे.

एक काळजी मात्र घ्यावी. बहिणाबाई ‘चुकल्या’ असा निष्कर्ष निघू देऊ नये. त्यांनी आपल्या बोलीतला, लोकांच्या तोंडचा शब्द घेतला आणि कष्टणाऱ्या बाईला त्या पक्ष्यात पाहिले, हे त्यांच्या अनुभवाला धरूनच आहे. कवितेला निसर्गशास्त्राच्या पेपरात बसवून नापास करणारा वर्ग कविता वाचायला शिकत नाही. पक्षी एक सांगतो, शब्द दुसरे सांगतो, कविता तिसरे सांगते, आणि तिन्हीकडे एकाच वेळी पाहता येते, एवढे साधले तरी तास सार्थकी लागला.

‘नये’चा तास

चारित्र्य आणि लिंगभाव, म्हणजे बाई आणि पुरुष यांच्याकडून समाजाने धरलेल्या अपेक्षा, हे दोन विषय वेगळे नाहीत हे मला समर्थ रामदासांच्या ओव्या शिकवताना उमगले. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला उत्तमलक्षणांचा समास पाठ्यपुस्तकामुळे अनेकांना माहीत आहे.

वाट पुसल्याविण जाऊं नये ।
फळ वोळखल्याविण खाऊं नये ।
पडिली वस्तु घेउं नये ।
येकायेकीं ॥

या ओव्या पाठ करून घेतल्या की मुले त्या झरझर म्हणतात आणि विसरतात. त्याऐवजी व्याकरणापासून सुरुवात करावी. ‘नये’ या रूपाला लिंग नाही, आणि या ओवीत ते कोणा एकाच्या वचनाशी किंवा पुरुषाशीही बांधलेले नाही. वाट कोणी पुसायची? कर्ता लिहिलेलाच नाही. म्हणजे हे नियम ऐकणाऱ्या सगळ्यांना सारखेच लागतात.

आता प्रत्येकाला कागद द्यावा आणि नाव न घालता त्यावर याच वळणाची चार वाक्ये लिहायला सांगावे: घरी, गल्लीत, शाळेत मला सांगितलेले ‘नये’. कागदाच्या एका कोपऱ्यात मुलगी, मुलगा किंवा ‘सांगायचे नाही’ असे लिहावे आणि दुसऱ्या कोपऱ्यात फक्त आपल्यालाच ओळखू येईल अशी एक खूण करावी. कागद गोळा करून शिक्षकाने ते वाचावेत आणि कोणाचे हे ओळखू येणार नाही अशी वाक्ये निवडून फळ्यावर दोन बाजूंना उतरवावीत. एका बाजूला ‘सातनंतर बाहेर राहू नये’, ‘मोठ्याने हसू नये’, ‘पाय पसरून बसू नये’, ‘उलट बोलू नये’ अशी रांग लागते. दुसऱ्या बाजूला वाक्ये कमी असतात, पण ‘रडू नये’ हे हमखास असते, आणि त्याखाली ‘घाबरू नये’, ‘बायकांसारखं करू नये’.

फळा भरला की वर्गाला तीन कामे द्यावीत. कोणते ‘नये’ कोणत्याही माणसाला लागू करता येतील ते रामदासांच्या यादीत घालावेत. कोणते फक्त एका बाजूला आहेत त्यांच्यापुढे ‘का’ लिहावे. आणि ज्याचे कारण भीती आहे त्याखाली रेघ ओढावी. ‘सातनंतर बाहेर राहू नये’ यामागे घरच्यांची भीती खरी असते, तिची थट्टा होऊ देऊ नये. पण ज्याच्यामुळे भीती आहे त्याला कोणता ‘नये’ सांगितला जातो, हे मुलांनी फळ्यावर शोधावे. बहुतेक वेळा ती जागा रिकामी सापडते. एका वर्षी एका मुलीने त्या रिकाम्या जागेत स्वतः उठून लिहिले: ‘वाट अडवू नये’. रामदासांच्या ओवीत ते बेमालूम बसले.

मुलग्यांच्या बाजूच्या ‘रडू नये’वर वेळ द्यावा. लिंगभावाचा विषय निघाला की मुलगे अंग चोरतात, कारण आता आपल्याला बोलणी बसणार अशी त्यांची धारणा असते. ‘रडू नये’ने त्यांच्यावरही काहीतरी लादले गेले आहे हे दिसले की ते चर्चेत येतात.

जनाबाईचा केर

आठवी-नववीपासून पुढे संत जनाबाईंचा हा अभंग घ्यावा:

झाडलोट करी जनी ।
केर भरी चक्रपाणी ॥

पाटी डोक्यावर घेऊन देव तो केर दूर नेऊन टाकतो, आणि पुढे कविता म्हणते की भक्तीला भुललेला तो देव ‘नीच कामें’ करू लागला. मुलांना आधी क्रियापदे वेगळी करायला सांगावी. जनी एक काम करते, देव तीन करतो: भरतो, नेतो, टाकतो. इतर देवांच्या गोष्टींत देव राक्षस मारतो, वर देतो. इथे तो केर उचलतो, आणि भक्ताशी असलेले त्याचे नाते याच कामातून सिद्ध होते.

मग ‘नीच’ या शब्दापाशी थांबावे. झाडणे नीच कोणी ठरवले? ते काम जनीने केले तेव्हा त्या कामाला विशेषण नव्हते. देवाने केले तेव्हा ते ‘नीच’ झाले. हा मुद्दा मी सांगत नाही, अभंग तीनदा वाचायला लावतो. एखादी मुलगी तो पकडते. इथे जातीचाही प्रश्न येतो आणि तो टाळू नये, कारण महाराष्ट्रात केर, मैला आणि झाडू यांचे वाटप केवळ बाई-पुरुष या रेषेवर झालेले नाही. संत चोखामेळा यांच्या पत्नी संत सोयराबाई यांचा विटाळाविषयीचा अभंग जोडीला घेतल्यास ‘देहासी विटाळ म्हणती सकळ’ या ओळीत स्त्रीचा देह आणि जात दोन्ही एकत्र येतात. मासिक पाळीचा उल्लेख त्यात ओघाने निघतो, म्हणून तो अभंग नववीच्या खाली न घेतलेला बरा, आणि घेताना मुले-मुली एकत्रच असावेत. मुलींना वेगळ्या खोलीत नेऊन हे शिकवले की जी लाज घालवायची तीच आपण पक्की करतो.

त्याच आठवड्यात वर्गसफाईची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लावावी. त्यावर भाषण देऊ नये, यादी फक्त दारावर चिकटवावी.

चोवीस मात्रा

विंदा करंदीकरांची ‘झपताल’ ही कविता अकरावी-बारावीला किंवा चांगल्या दहावीला घ्यावी. घरातल्या बाईचा पहाटेपासूनचा दिवस तिच्यात आहे, आणि संसाराच्या दहा फुटी खोलीत दिवसाच्या चोवीस मात्रा बसवण्याच्या तिच्या किमयेपाशी ती येते. झपताल दहा मात्रांचा, दोन-तीन-दोन-तीन अशा विभागांचा. वर्गात कोणी तबला शिकत असेल तर ‘धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना’ म्हणवून सगळ्यांनी पहिल्या, तिसऱ्या आणि आठव्या मात्रेला टाळी द्यावी. लय हाताला कळल्याशिवाय दहात चोवीस बसवणे म्हणजे काय हे कळत नाही.

गृहपाठ असा द्यावा: चोवीस चौकोन आखायचे आणि घरात सर्वांत आधी उठणाऱ्या व्यक्तीच्या एका दिवसाचे काम त्यात तासावार भरायचे. ‘आईचा दिवस’ असे म्हणू नये. कोणाला आई नसते, कोणी आश्रमशाळेत राहते, कोणाच्या घरी आजोबा पहाटे उठून धारा काढतात. दुसऱ्या रंगाने त्याच चोवीस चौकोनांत स्वतःचा दिवस भरावा. चौकोन वर्गात आले की २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणाचे आकडे फळ्यावर लिहावेत. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम ८१ टक्क्यांहून थोड्या अधिक स्त्रियांनी केले होते आणि २६ टक्क्यांच्या आसपास पुरुषांनी. ज्यांनी ते केले त्यांच्यात स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे होता, पुरुषांचा ९७. गणिताच्या शिक्षकांना बोलावून याचा आलेख काढून घेता येतो.

शेवटी कवितेकडे परत यावे आणि पहिला प्रश्न पुन्हा विचारावा. कोण बोलते आहे? कौतुक करणारा माणूस त्या खोलीतच आहे. त्याचे हात काय करत आहेत? ही कविता त्या बाईचा सन्मान करते की तिच्या राबण्याला ताल देऊन ते सुसह्य करते, यावर वर्गात दोन पक्ष पडू द्यावेत. माझे मत विचारले तर तिची ती किमया आपल्याला ‘समजलेली नाही’ या कवितेतल्या कबुलीत मला प्रामाणिक अस्वस्थता ऐकू येते. पण ते मत मी तास संपल्यावर, तेही विचारले तरच सांगतो.

मुलग्यांच्या तोंडी ‘मी आले’

मराठीत ‘मी’ बोलू लागला की बहुतेक वेळा क्रियापद त्याचे लिंग सांगून टाकते. ‘मी गेलो’, ‘मी गेले’. भविष्यकाळात मात्र ‘जाईन’ दोघांचे एकच. भाषेची ही खोड आपल्या कामाची आहे. जनाबाईंच्या दुसऱ्या एका अभंगात डोईचा पदर खांद्यावर आला आहे आणि ती भरल्या बाजारी ‘जाईन मी’ म्हणते. क्रियापदात लिंग नाही, पदरात आहे. वरिष्ठ वर्गांना ही जागा दाखवली की ते इतर कवितांतही अशा जागा शोधू लागतात.

सराव साधा आहे. प्रथमपुरुषी कविता घ्यावी, क्रियापदांचे लिंग बदलून ती वाचावी आणि कोणती ओळ अडखळते ते पाहावे. जिथे जीभ अडखळते तिथे समाजाची अपेक्षा बसलेली असते. कोल्हापूरकडे हा सराव मजेदार होतो, कारण तिथल्या मुली घरीदारी सहज ‘मी आलो’ म्हणतात आणि पुस्तकातल्या ‘मी आले’ने आपल्याला काय मिळाले असे विचारतात. त्या प्रश्नावर एक आख्खा तास खर्च करायला हरकत नाही.

मुलग्यांनी स्त्रीच्या आवाजातली कविता बारीक आवाज न काढता वाचावी, हा नियम कटाक्षाने पाळावा. कोणी नाटकी आवाज काढलाच तर रागावू नये, तीच ओळ स्वतः साध्या आवाजात वाचून दाखवावी. आपल्या परंपरेत हे नवे नाही. एकनाथांच्या भारुडात नवरा नको म्हणणारी बाई बोलते आणि ते लिहिणारा पुरुष आहे. नारायण सुर्व्यांच्या ‘डोंगरी शेत माझं गं’मध्ये राबून थकलेली शेतकरीण बोलते. दुसऱ्याच्या तोंडून बोलताना त्याच्या पायातला काटा आपल्याला टोचतो का, हे पाहण्यासाठी कवितेहून सुरक्षित जागा शाळेत दुसरी नाही.

लिहिते करताना

विद्यार्थ्यांना ‘स्त्री-पुरुष समानतेवर कविता लिहा’ असे कधीही सांगू नये. घोषणा लिहून मिळतात. वस्तू द्यावी: लाटणे, सायकल, दप्तरातला डबा, बाबांचा बनियन. त्या वस्तूला घरात कोणाकोणाचे हात लागतात एवढे आठ ओळींत लिहायचे, आणि ‘प्रेम’, ‘त्याग’, ‘समान’ हे तीन शब्द वापरायचे नाहीत.

दुसरे काम ओव्या जमवण्याचे. जात्यावरच्या ओव्या हा बायकांनी बायकांसाठी रचलेला मराठीतला बहुधा सर्वांत मोठा काव्यसाठा आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याहून सुरू केलेल्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. विद्यार्थ्याने आजीकडून किंवा शेजारणीकडून एकच ओवी, तिच्याच बोलीत, ती कोणाकडून शिकली या माहितीसह लिहून आणावी. जाते आता घरात नसते, पण ‘तेव्हा तू दळताना काय म्हणायचीस’ हा प्रश्न नातवाने विचारला की आजी बोलते. ओवी लिहून घेणाऱ्या मुलग्याला आजीपुढे बसून ऐकावे लागते, हाच त्या गृहपाठातला अर्धा धडा आहे.

अवघड प्रसंग

या तासांना काही गोष्टी घडतात आणि त्यांची तयारी असावी. मुली गप्प बसणे ही पहिली. मुलगे हात वर करून बोलतात आणि चर्चा त्यांच्याच तोंडी चालते. म्हणून बोलण्याआधी दोन मिनिटे प्रत्येकाने लिहायचे आणि मग लिहिलेले वाचायचे, हा क्रम ठेवावा.

एखाद्या मुलाला ‘बायल्या’ म्हणून चिडवले गेले तर तास तिथेच थांबवावा, पण त्या मुलाला उभे करून सहानुभूती दाखवू नये. शब्द फळ्यावर लिहावा आणि त्यात बाईसारखे असणे ही शिवी का झाली असे विचारावे. वर्गात दोनच रांगा नसतात हेही लक्षात ठेवावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली आहे, आणि बारावीच्या वर्गाला तृतीयपंथी कवयित्री दिशा पिंकी शेख यांच्या कविता वाचायला देता येतात.

पालकांकडून तक्रार येते. ‘तुम्ही मुलीला उलट बोलायला शिकवता’ असे म्हणत आलेल्या एका वडिलांना मी वाद न घालता जनाबाईंचा तोच अभंग वाचायला दिला. ते वारकरी होते आणि त्यांना तो माझ्यापेक्षा चांगला पाठ होता. संतांच्या कविता निवडण्याचा हा व्यवहारी फायदा आहे. मुख्याध्यापकांना टाचण आधी दाखवून ठेवावे, म्हणजे तक्रार थेट त्यांच्याकडे गेली तरी त्यांना उत्तर माहीत असते.

सर्वांत गंभीर प्रसंग म्हणजे कवितेच्या निमित्ताने मुलाने स्वतःवर झालेला अत्याचार लिहिणे किंवा सांगणे. ‘हे मी कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. शांतपणे ऐकावे, खोदून विचारू नये, मुलाचे शब्द त्याच दिवशी जसेच्या तसे लिहून ठेवावेत. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यानुसार अशी घटना पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. शाळेने बदनामीच्या भीतीने ती ‘आपसात मिटवणे’ हा गुन्हा ठरतो. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या शाळेच्या सखी सावित्री समितीतील सदस्यांची नावे वर्गात आधीच लावलेली असावीत. आणि तो कागद कधीही, कोणत्याही निमित्ताने, वर्गात वाचला जाऊ नये.

मूल्यमापन

सद्‌गुणाला गुण देऊ नयेत. ‘मी आता घरी भांडी घासतो’ असे लिहिणाऱ्याला जास्त गुण दिले की पुढच्या आठवड्यात सगळा वर्ग भांडी घासू लागतो, कागदावर. कृतिपत्रिकेतल्या रसग्रहणाला जे गुण असतात ते वाचनाचे असावेत: विधानाला कवितेतला शब्द पुरावा म्हणून दिला आहे का, बोलणारा आवाज ओळखला आहे का, दुसरा अर्थ शक्य आहे हे दिसले आहे का. रामदासांच्या ओव्यांशी असहमत असलेले पण पुराव्यानिशी लिहिलेले उत्तर पूर्ण गुणांस पात्र ठरते, हे वर्गाला आधीच सांगून ठेवावे.

बदल पाहायचाच असेल तर तो उत्तरपत्रिकेबाहेर पाहावा आणि स्वतःपुरता टिपून ठेवावा. दारावरची सफाईची यादी कोणी गुपचूप बदलली का, चर्चेत मुलीचे वाक्य तोडणाऱ्याला दुसऱ्या मुलाने थांबवले का, खेळाच्या तासाला चेंडू कोणाच्या हाती गेला.

‘नये’चे कागद मी फेकत नाही. कोपऱ्यात प्रत्येकाने स्वतःची एक खूण करून ठेवलेली असते, त्यामुळे मार्चमध्ये पाकीट उघडून टेबलावर पसरले की ज्याचा त्याला आपला कागद सापडतो. त्यातले एक ‘नये’ खोडायचे किंवा एक नवे लिहायचे, आणि कागद घरी न्यायचा. त्या वेळी मी व्हरांड्यात उभा असतो.